मॅस्टोडॉनवरच्या मराठी पोस्ट पायथनने गोळा करायच्या असतील तर

हा लेख ज्यांना पायथन जेमतेम येतं त्यांच्यासाठी आहे. लूप लिहिता येतो, लिस्ट आणि डिक्शनरी कशाला म्हणतात ते ठाऊक आहे, टर्मिनल उघडून एखादी फाइल चालवता येते, एवढं पुरे. तेवढ्यावर मॅस्टोडॉन या सोशल नेटवर्कवरच्या मराठी पोस्ट आपल्या संगणकावर आणता येतात, वाचता येतात आणि मोजता येतात. भाषा, पत्रकारिता किंवा समाजशास्त्र शिकणाऱ्या अनेकांना आज हे करायचं असतं. माहिती आणणारी आज्ञा तीन-चार ओळींची असते. हाती काय आलं, काय आलं नाही आणि मराठी मजकुराचं पुढे काय करायचं, यात खरी मेहनत आहे. म्हणून मी पहिला भाग भरभर उरकणार आहे आणि दुसऱ्यावर रेंगाळणार आहे.

मॅस्टोडॉनच का?

काही वर्षांपूर्वी असा लेख लिहायचा तर ट्विटरवर लिहिला असता. विद्यार्थी आणि संशोधक तिथूनच शिकत. फेब्रुवारी २०२३ मध्ये ट्विटरने आपल्या एपीआयचा (प्रोग्रॅममधून माहिती मागण्याच्या सोयीचा) मोफत वापर बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि पोस्ट वाचण्यासाठी सगळ्यात स्वस्त योजना महिन्याला १०० डॉलरची झाली. त्याच वर्षी १ जुलैपासून रेडिटने मोठ्या वापरासाठी पैसे आकारायला सुरुवात केली. फेसबुकवरच्या सार्वजनिक पानांचा अभ्यास करायला पत्रकार क्राउडटँगल वापरत असत. ते साधन मेटाने १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद केलं. शिकणाऱ्या माणसाला एकेक दार असं मिटत गेलं.

मॅस्टोडॉनचं दार उघडं आहे. मॅस्टोडॉन म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या अनेक स्वतंत्र सर्व्हरांचं जाळं. युजेन रोच्को या जर्मनीतल्या प्रोग्रॅमरने २०१६ मध्ये ते सुरू केलं. त्याचा कोड खुला आहे आणि एपीआयला पैसे पडत नाहीत. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरने सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं बंद केल्यावर भारतातल्या पुष्कळ लोकांनी इथे खाती उघडली होती. तरीही मराठी मजकूर इथे इतर ठिकाणांच्या तुलनेने थोडाच आहे. नवशिक्यासाठी ती सोय आहे. आलेली प्रत्येक पोस्ट डोळ्यांनी वाचून पाहता येते आणि कोड कुठे चुकतोय ते लगेच कळतं. लाखो ओळींच्या ढिगात चूक दिसत नाही.

आपण वापरणार त्या लायब्ररीचं, म्हणजे तयार कोडच्या संचाचं नाव मॅस्टोडॉन डॉट पीवाय. मॅस्टोडॉनच्या एपीआयशी बोलण्याचं काम ती करते. तुम्ही फक्त पायथनमध्ये फंक्शन बोलवायचं.

नावांबद्दल एक गोष्ट आधीच सांगते. फंक्शनांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. एडिटरमध्ये ती इंग्रजी अक्षरांत टाइप करायची, आणि ‘अंडरस्कोर’ म्हटलं आहे तिथे खालची आडवी रेघ द्यायची. स्पेलिंगबद्दल शंका आली तर पायथनच्या ‘डिर’ फंक्शनला आपला ऑब्जेक्ट (तो कसा बनवायचा ते पुढे येतं) द्या आणि आलेली यादी छापा, तिच्यात सगळी उपलब्ध नावं असतात. ‘हेल्प’ फंक्शनला त्यातलं एक नाव दिलंत की ते कसं वापरायचं हेही कळतं. ही सवय कुठलीही लायब्ररी शिकताना उपयोगी पडेल.

तयारी

कामासाठी वेगळं फोल्डर करा. टर्मिनलमध्ये त्या फोल्डरात जाऊन पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट तयार करा आणि चालू करा, म्हणजे या कामाच्या लायब्ररी इतर कामांत मिसळत नाहीत. मग पिप इन्स्टॉल म्हणून पुढे मॅस्टोडॉन डॉट पीवाय असं लिहा. हे नाव फक्त इन्स्टॉल करताना लागतं. कोडमध्ये आयात करताना मॉड्यूलचं नाव नुसतं ‘मॅस्टोडॉन’, सगळी अक्षरं लहान. त्यातून आपण ‘मॅस्टोडॉन’ हा क्लास (ज्यापासून ऑब्जेक्ट बनवायचा तो साचा) घेतो, त्याचं पहिलं अक्षर मोठं.

इथे एक सापळा आहे आणि त्यात बहुतेक जण अडकतात. आपल्या फाइलला चुकूनही मॅस्टोडॉन डॉट पीवाय हे नाव देऊ नका. पायथन आयात करताना आधी तुमच्याच फोल्डरात शोधतो. तिथे त्या नावाची फाइल दिसली की खऱ्या लायब्ररीऐवजी तीच उचलतो आणि ‘असा क्लास सापडत नाही’ म्हणून एरर देतो. पायथनच्या जुन्या आवृत्त्यांत एररमध्ये कारण स्पष्ट लिहिलेलं नसतं, त्यामुळे माणूस लायब्ररी पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसतो. फाइलला ‘गोळा’, ‘पहिला प्रयोग’ असं काहीही नाव द्या, इंग्रजी अक्षरांत.

पहिली आज्ञा

सुरुवातीला खातंही नको आणि टोकनही (खात्याच्या वतीने माहिती मागण्याची गुप्त किल्ली) नको. पहिल्या ओळीत क्लास आयात करा. दुसऱ्या ओळीत त्या क्लासचा एक ऑब्जेक्ट बनवा. त्याला ‘एपीआय अंडरस्कोर बेस अंडरस्कोर यूआरएल’ या नावाने सर्व्हरचा पूर्ण पत्ता द्या, उदाहरणार्थ मॅस्टोडॉन डॉट सोशलचा. तिसऱ्या ओळीत त्या ऑब्जेक्टवर ‘टाइमलाइन अंडरस्कोर हॅशटॅग’ हे फंक्शन बोलवा आणि कंसात अवतरणचिन्हांत ‘मराठी’ हा शब्द द्या, देवनागरीतच. पुढचं हॅशचं चिन्ह द्यायचं नाही. दिलंत तर लायब्ररी तिथेच एरर देऊन थांबते.

उत्तर म्हणून एक लिस्ट येते, तिच्यात सर्वांत ताज्या २० पोस्ट असतात. ‘लिमिट’ देऊन ४० पर्यंत वाढवता येतात. ४० ही एका वेळची कमाल मर्यादा आहे. त्यापुढे मागितलं तरी ४० च मिळतात आणि एररही येत नाही, म्हणून ‘मी २०० मागितल्या होत्या’ असं समजून पुढे जाऊ नका. लिस्टची लांबी दर वेळी छापून पाहा.

काही सर्व्हरचालक खात्याशिवाय टाइमलाइन पाहू देत नाहीत. तिथे ही आज्ञा नाकारली जाईल. मग टोकन लागेलच, ते पुढे येतं.

एक पोस्ट उघडून पाहा

लगेच लूप लिहायला घेऊ नका. लिस्टमधली पहिली पोस्ट घ्या आणि ती पूर्ण छापा. ती डिक्शनरीसारखी असते. ‘कंटेंट’मध्ये मजकूर, ‘क्रिएटेड अंडरस्कोर ॲट’मध्ये वेळ, ‘अकाउंट’मध्ये लिहिणाऱ्याची माहिती, ‘लँग्वेज’मध्ये भाषेचा कोड, ‘टॅग्ज’मध्ये हॅशटॅगांची यादी, ‘व्हिजिबिलिटी’मध्ये पोस्ट किती खुली आहे ते. उत्तरं, शेअर आणि पसंती यांचे आकडेही असतात.

यातल्या तीन गोष्टींकडे पहिल्या दिवसापासून लक्ष द्या.

वेळ ही जागतिक प्रमाणवेळ असते, भारतीय नव्हे. समजा तुम्हाला २७ फेब्रुवारीच्या, मराठी भाषा गौरव दिनाच्या पोस्ट मोजायच्या आहेत. आपल्याकडे २७ तारीख सुरू होते तेव्हा प्रमाणवेळेनुसार २६ तारखेचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. रात्री बारा वाजता शुभेच्छा देणारे तुमच्या मोजणीतून गळतील आणि २८ च्या पहाटेचे आत येतील. पायथनच्या ‘झोनइन्फो’ मॉड्यूलने वेळ एशिया-कोलकाता या विभागात बदलून घ्या. विंडोजवर त्यासाठी ‘टीझेडडेटा’ हे पॅकेजही इन्स्टॉल करावं लागतं.

‘आयडी’ हा आकडा त्या सर्व्हरपुरता असतो. तीच पोस्ट दुसऱ्या सर्व्हरवरून मागितलीत तर तिचा आयडी वेगळा येतो. दोन सर्व्हरांवरची माहिती एकत्र करून दुहेरी नोंदी काढायच्या असतील तर ‘यूआरआय’ (पोस्टची पत्त्यासारखी ओळख) वापरा, ती सगळीकडे एकच असते.

आणि ‘कंटेंट’ हा साधा मजकूर नसतो, एचटीएमएल असतं. परिच्छेद, ओळ बदलणं, लिंक, हॅशटॅग या सगळ्यांच्या खुणा त्यात असतात. ‘ब्यूटिफुल सूप’ या लायब्ररीने त्या काढता येतात. तिच्या ‘गेट अंडरस्कोर टेक्स्ट’ला विभाजक म्हणून एक स्पेस द्यायला विसरू नका. दिली नाही तर एका परिच्छेदाचा शेवटचा शब्द आणि पुढच्याचा पहिला शब्द चिकटून नवाच शब्द तयार होतो.

टोकन

जास्त काम करायचं असेल तर कुठल्याही एका सर्व्हरवर स्वतःचं खातं उघडा. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘डेव्हलपमेंट’ असा भाग असतो. तिथे ‘न्यू ॲप्लिकेशन’ करून नाव द्या. नाव असं द्या की सर्व्हर सांभाळणाऱ्याला वाचून काम कळेल. परवानग्यांमध्ये फक्त ‘रीड’ ठेवा. लिहिण्याची परवानगी घेऊच नका; कोडमधल्या एका चुकीने तुमच्या नावावर भलतंच काही पोस्ट होण्याची शक्यता मग उरत नाही. ॲप्लिकेशन तयार झालं की त्याच्या पानावर ॲक्सेस टोकन दिसतं.

हे टोकन एका छोट्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा आणि ऑब्जेक्ट बनवताना ‘ॲक्सेस अंडरस्कोर टोकन’ म्हणून त्या फाइलचं नाव द्या. लायब्ररी फाइल उघडून टोकन वाचते. फाइलचं नाव चुकलं तर मात्र ती त्या नावालाच टोकन समजते, आणि सर्व्हर ‘परवानगी नाही’ असं उत्तर देतो. तशी एरर आली तर आधी फाइलचं नाव तपासा. कोड गिटहबवर ठेवणार असाल तर ही टोकनची फाइल गिटच्या दुर्लक्ष यादीत आधी टाका, मगच पहिला कमिट करा. टोकन चुकून बाहेर गेलंच तर त्याच पानावरून ते रद्द करून नवं घेता येतं.

इंटरनेटवरच्या जुन्या धड्यांत ईमेल आणि पासवर्ड थेट कोडमध्ये लिहून लॉगिन केलेलं दिसेल. तो रस्ता नव्या सर्व्हरांनी बंद केला आहे, आणि पासवर्ड कोडमध्ये लिहिणं तेव्हाही धोक्याचंच होतं.

चाळीसच्या पुढे

पहिल्या ४० पोस्ट आल्या की ती लिस्ट ‘फेच अंडरस्कोर नेक्स्ट’ला द्या, आधीच्या ४० मिळतील. ती नवी लिस्ट पुन्हा त्याच फंक्शनला द्या. संपल्यावर रिकामी लिस्ट किंवा ‘नन’ येतं, तिथे लूप थांबवायचा. शिवाय तारखेची अट घाला. पोस्ट हव्या त्या तारखेच्या मागे गेल्या की थांबायचं. ‘फेच अंडरस्कोर रिमेनिंग’ नावाचं फंक्शनही आहे, ते उरलेलं सगळं एकदम आणतं. ते नवशिक्याने वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. किती आणणार आहोत याचा अंदाज नसताना सगळं मागणं हे सर्व्हरवरही ओझं आणि आपल्यालाही.

मॅस्टोडॉनमध्ये नेहमीची मर्यादा पाच मिनिटांत ३०० विनंत्यांची असते. ती ओलांडली तर ही लायब्ररी आपोआप थांबते आणि वेळ संपल्यावर पुढे चालू होते. ती काहीही न सांगता थांबते, त्यामुळे प्रोग्रॅम अडकला असं वाटून लोक तो बंद करतात. प्रत्येक पानानंतर ‘इतक्या पोस्ट आल्या, शेवटची तारीख अमुक’ अशी ओळ छापत जा. ऑब्जेक्ट बनवताना ‘रेटलिमिट अंडरस्कोर मेथड’ला ‘पेस’ असं सांगितलंत तर लायब्ररी विनंत्या पहिल्यापासूनच अंतर राखून पाठवते. मला हीच पद्धत योग्य वाटते. यातले अनेक सर्व्हर कुणीतरी स्वतःच्या वेळात, लोकांच्या वर्गणीवर चालवत असतं.

मराठी मजकूर हाताळताना

इंग्रजी धडे इथे उपयोगी पडत नाहीत, किंबहुना फसवतात.

सगळ्यांत मोठी फसवणूक शब्द सुटे करताना होते. बहुतेक धड्यांत पायथनच्या ‘आरई’ मॉड्यूलमधलं बॅकस्लॅश-डब्ल्यू हे चिन्ह वापरून शब्द वेगळे काढायला सांगतात. या मॉड्यूलच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त ही ‘अक्षरं’ नाहीत, त्यामुळे ते तिथे शब्द तोडतं. ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ होतात. ‘पुस्तक’चे ‘प’, ‘स’ आणि ‘तक’. तुकडे निरर्थक असले तर निदान शंका तरी येते. पण ‘पाऊस’चे ‘प’ आणि ‘ऊस’ होतात! जूनमधल्या पोस्टमध्ये लोक ऊसाबद्दल भरभरून बोलत आहेत असा निष्कर्ष तुमच्या तक्त्यात निघेल, आणि तो खराही वाटेल. सायकिट-लर्नसारख्या नावाजलेल्या लायब्ररीत शब्दमोजणीचं जे ठरलेलं सेटिंग आहे तेही याच चिन्हावर चालतं, म्हणून तिथेही हीच तोडफोड होते.

उपाय दोन. ‘रेजेक्स’ नावाचं वेगळं पॅकेज इन्स्टॉल करून ‘आरई’च्या जागी ते वापरा, त्याला मात्रा कळतात. किंवा नुसत्या देवनागरीशी काम असेल तर युनिकोड या चिन्हांच्या क्रमांक-यादीतल्या ०९०० ते ०९७एफ या पट्ट्यातल्या सलग चिन्हांना एक शब्द माना. या पट्ट्यात दंड आणि देवनागरी अंकही येतात, ते नको असतील तर वगळा. कुठलाही मार्ग घ्या, पण पहिल्या वीस पोस्टचे शब्द छापून स्वतः वाचा.

दुसरी अडचण, दिसायला एकच पण आत वेगळे असलेले शब्द. ‘ॲप’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड ‘ॲ’ हे एकच चिन्ह देतात. काही आधी ‘अ’ आणि त्यावर चंद्र, अशी दोन चिन्हं देतात. पडद्यावर फरक कळत नाही, संगणकाला मात्र हे दोन शब्द आहेत. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ यांतल्या अर्ध्या रकाराचंही तसंच. कुणी त्यासाठी ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडलेलं असतं, तर कुणी साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह. पायथनच्या ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलमधलं ‘नॉर्मलाइझ’ बरीच साफसफाई करतं, पण हे दोन भेद ते मिटवत नाही. त्यामुळे स्वतःचं एक छोटं फंक्शन लिहा. त्यात हे दोन बदल करा, आणि प्रत्येक पोस्ट मोजण्याआधी त्या फंक्शनातून काढा. ‘झालं’ आणि ‘झाले’, ‘मध्ये’ आणि ‘मधे’ एकत्र मोजायचे का, हा निर्णय मात्र तुमच्या अभ्यासाचा आहे. बोलीचा आणि लेखनाचा अभ्यास करणाऱ्याने ते एकत्र केले तर त्याचा विषयच पुसला जाईल.

तिसरी गोष्ट लांबीची. पायथनचं ‘लेन’ फंक्शन ‘मराठी’ची लांबी ५ सांगेल, आपण वाचतो ती अक्षरं ३. पोस्ट किती लांब आहेत याची इंग्रजीशी तुलना करणार असाल तर हे लक्षात ठेवा.

मराठी पोस्ट ओळखायच्या कशा?

‘लँग्वेज’मध्ये मराठीसाठी ‘एमआर’ हा कोड असतो. पण हा कोड लिहिणाऱ्याने निवडलेला किंवा त्याच्या ॲपने आपोआप लावलेला असतो. ॲप इंग्रजीत ठेवून मराठीत लिहिणारे पुष्कळ असतात. त्यांच्या पोस्टवर इंग्रजीचा कोड राहतो. फक्त ‘एमआर’वर गाळणी लावली तर ही माणसं बाहेर पडतील.

म्हणून तीन टप्प्यांत गाळावं. आधी मजकुरात देवनागरी किती आहे ते पाहा. देवनागरी हिंदी, नेपाळी आणि कोंकणीचीही लिपी आहे, तेव्हा पुढच्या टप्प्यात वारंवार येणारे छोटे शब्द पाहा: ‘आहे’, ‘आणि’, ‘नाही’, ‘मध्ये’, ‘पण’. यांतले दोन-तीन एका पोस्टमध्ये आले तर ती बहुधा मराठी. हिंदीत ‘नहीं’ आणि ‘है’ असतं. कोंकणीत ‘आसा’ आणि ‘आनी’ दिसेल. नुसत्या ‘ळ’वर विसंबू नका, तो कोंकणीतही आहे. गोव्यातल्या पोस्ट तुमच्या अभ्यासात येत असतील तर हा टप्पा हाताने तपासल्याशिवाय सोडू नका, कारण एकच माणूस सकाळी मराठीत आणि संध्याकाळी कोंकणीत लिहितो. शेवटचा टप्पा म्हणजे शंकास्पद पोस्ट वेगळ्या फाइलमध्ये काढून स्वतः वाचणं.

रोमन लिपीत लिहिलेलं मराठी या गाळणीतून निसटतं. ते पकडायचं तर ‘आहे’, ‘नाही’, ‘काय’ यांची रोमन स्पेलिंगं वेगळी शोधावी लागतात, आणि प्रत्येकाची स्पेलिंगं वेगळी. नवशिक्याने ते सध्या सोडावं, पण अहवालात तसं लिहावं.

साठवण

सीएसव्ही फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं फाइलमध्ये कोणत्या कोडात लिहायची ते) नेहमी सांगा. विंडोजवर पायथन आपल्या मनाने जुनं एन्कोडिंग धरतो आणि देवनागरी लिहितानाच एरर देतो. फाइल पुढे एक्सेलमध्ये उघडायची असेल तर ‘यूटीएफ-८-सिग’ हे एन्कोडिंग द्या, नाहीतर एक्सेलमध्ये मराठीच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसतात. मॅस्टोडॉनचा आयडी १८ अंकी असतो आणि एक्सेल १५ च अंक खरे ठेवून पुढे शून्यं भरतं. एकदा ती फाइल एक्सेलमधून सेव्ह केली की मूळ आयडी गेले. म्हणून मूळ प्रत जेसन या फाइलच्या स्वरूपात ठेवा, एका ओळीत एक पोस्ट, आणि एक्सेलसाठी वेगळी प्रत काढा. जेसन लिहिताना ‘एन्शुअर अंडरस्कोर आस्की’ला ‘फॉल्स’ द्या, म्हणजे फाइल उघडल्यावर मराठी वाचता येतं. तारखा जेसनमध्ये थेट जात नाहीत, ‘डिफॉल्ट’ला ‘एसटीआर’ दिलं की त्या मजकूर म्हणून जातात.

त्याच फोल्डरात एक टिपणाची फाइल ठेवा. कुठला सर्व्हर, कुठला हॅशटॅग, कुठल्या तारखेला आणि किती वाजता माहिती आणली, लायब्ररीची आवृत्ती कोणती. पुढचा भाग वाचलात की हे का लागतं ते कळेल.

जे दिसतं ते कुणाला दिसतं?

मॅस्टोडॉन म्हणजे एक संकेतस्थळ नव्हे. हजारो स्वतंत्र सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब नावाच्या नियमावलीने एकमेकांशी बोलतात. ही नियमावली जानेवारी २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने प्रमाण म्हणून स्वीकारली. प्रत्येक सर्व्हर म्हणजे एका गावचा पार. पारावर बसणाऱ्यांची बोलणी तिथे ऐकू येतात, आणि बाहेरगावची तेवढीच, जी कुणाच्या तरी ओळखीतून तिथवर पोचली.

तांत्रिक भाषेत सांगायचं तर, तुमच्या सर्व्हरवरचं कुणी ज्याला फॉलो करतं त्याच्या पोस्ट तुमच्या सर्व्हरवर येतात. ज्याला तिथलं कुणीच फॉलो करत नाही, त्याची पोस्ट सहसा येत नाही. काही सर्व्हर ‘रिले’ लावून जास्तीच्या पोस्ट आणतात, काही लावत नाहीत. त्यामुळे एका सर्व्हरवरून आणलेला ‘मराठी’ हॅशटॅग म्हणजे त्या सर्व्हरपर्यंत पोचलेलं मराठी. मॅस्टोडॉन डॉट सोशल मोठा असल्याने तिथे पुष्कळ पोचतं, पण सगळं नाही. पसंतीचे आकडेही तसेच. दुसऱ्या सर्व्हरवरच्या पोस्टला तिथे मिळालेल्या सगळ्या पसंती तुमच्या सर्व्हरला कळतातच असं नाही. ‘सर्वांत लोकप्रिय मराठी पोस्ट’ अशी यादी या आकड्यांवरून करू नये.

हे तपासून पाहणं हाच एक उत्तम सराव आहे. दोन-तीन वेगवेगळे सर्व्हर घ्या, त्यांच्यावरून एकाच दिवसाचा एकच हॅशटॅग आणा आणि ‘यूआरआय’ जुळवून पाहा: किती पोस्ट सगळ्यांकडे आहेत, किती एकाकडेच. तीच पोस्ट दोन्हीकडे असेल तर पसंतीचे आकडे शेजारी ठेवा. आपल्या माहितीची सीमा कुठे आहे हे यातून जेवढं स्पष्ट होतं तेवढं वाचून होत नाही.

हॅशटॅग न लावता मराठीत लिहिणारे तर यात येतच नाहीत. ज्या खात्यांचा अभ्यास करायचा ती माहीत असतील तर ‘अकाउंट अंडरस्कोर लुकअप’ने खातं शोधा आणि ‘अकाउंट अंडरस्कोर स्टेटसेस’ने त्याच्या पोस्ट मागवा. ‘एक्स्क्लूड अंडरस्कोर रीब्लॉग्ज’ खरं ठेवलंत तर त्यांनी फक्त पुढे ढकललेलं दुसऱ्यांचं लिखाण त्यात येत नाही.

लिहिणाऱ्यांचा विचार

२०२० च्या सुरुवातीला एका संशोधनावरून मॅस्टोडॉनवर मोठा वाद झाला. मिलान विद्यापीठातल्या संशोधकांनी अनेक सर्व्हरांवरच्या पोस्ट गोळा करून तो संच हार्वर्डच्या माहितीसंग्रहात ठेवला होता. सर्व्हरांचे नियम नीट पाहिले नाहीत आणि लोकांची ओळख पुरेशी झाकलेली नाही, असे आक्षेप एका खुल्या पत्रातून घेतले गेले आणि तो संच मागे घेण्यात आला. त्या पोस्ट सार्वजनिकच होत्या, तरीही.

भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा माणसाने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला लागू होत नाही. पण मॅस्टोडॉनवर लिहिणाऱ्याने आपल्या ओळखीच्या लोकांसाठी लिहिलेलं असतं, तुमच्या तक्त्यासाठी नव्हे. मराठी लिहिणारे थोडे आहेत, त्यामुळे नाव काढून टाकलं तरी एका वाक्यावरून माणूस ओळखता येतो. अहवालात पूर्ण पोस्ट जशीच्या तशी छापायची असेल तर लिहिणाऱ्याला विचारा. मोजणीसाठी फक्त ज्यांची ‘व्हिजिबिलिटी’ ‘पब्लिक’ आहे तेवढ्याच पोस्ट ठेवा. टोकन वापरताना तुम्ही फॉलो करत असलेल्यांच्या खासगी पोस्टही काही फंक्शनांतून हाती येतात, त्या पहिल्याच पायरीवर गाळा. खात्याच्या माहितीत ‘नोबॉट’ किंवा ‘नोइंडेक्स’ असं लिहिलेलं दिसलं तर ते खातं वगळा. प्रत्येक सर्व्हरच्या ‘अबाउट’ पानावर त्याचे नियम असतात. स्वयंचलित गोळा करण्याला किंवा एआय मॉडेलच्या प्रशिक्षणाला काहींची मनाई आहे. नियम वाचून शंका राहिली तर सर्व्हर चालवणाऱ्याला दोन ओळी लिहा. काय गोळा करणार, कशासाठी, किती दिवस ठेवणार एवढं सांगितलं तरी पुरतं.

यानंतर

मागचं गोळा करणं जमलं की चालू पोस्ट ऐकायला शिका. ‘स्ट्रीमलिसनर’ या क्लासवरून आपला एक क्लास बनवा आणि त्यात ‘ऑन अंडरस्कोर अपडेट’ हे फंक्शन लिहा; नवी पोस्ट आली की ते आपोआप बोलावलं जातं. मग ‘स्ट्रीम अंडरस्कोर हॅशटॅग’ला हॅशटॅग आणि त्या क्लासचा एक ऑब्जेक्ट द्या. यासाठी टोकन लागतंच. इंटरनेट मध्येच तुटलं तर त्या वेळेतल्या पोस्ट निसटतात, म्हणून दिवसाच्या शेवटी जुन्या पद्धतीनेही एकदा आणून ‘यूआरआय’वरून जुळवून घ्या.

त्याच क्लासमध्ये ‘ऑन अंडरस्कोर डिलीट’ हेही फंक्शन लिहा. कुणी पोस्ट काढून टाकली की तिचा आयडी तिथे येतो. तो आयडी आपल्या फाइलमध्ये शोधून ती ओळ काढून टाकायची. हे दहा-बारा ओळींचं काम आहे आणि ते पहिल्याच दिवशी लिहावं, कारण फाइल मोठी झाल्यावर मागे जाऊन काय काय पुसलं गेलं ते शोधायला प्रत्येक पोस्ट सर्व्हरकडे पुन्हा मागावी लागते.